पार्किंगमधल्या चार भिंती

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फर्मान सोडले, "काका, तुम्ही पहिल्या कमिटीत होता. सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा." प्लॉट कसा मिळाला, बोअरला पाणी कसे लागले, पहिला गणपती कुठे बसला, हे लिहिणारे आपल्यात बरेच आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी लिहिणार आहे आपल्या पार्किंगमधल्या भिंतींवर. हसू नका. या भिंतींनाही इतिहास आहे. त्यात टोकियो आहे, किल्लारी आहे, अहमदाबाद आहे आणि तुमचा हा माजी खजिनदारही आहे. त्याचे वागणे मात्र फारसे भूषणावह नाही.

ए आणि बी अशा दोन्ही विंगखाली चार-चार भिंती आहेत, दोन उभ्या आणि दोन आडव्या. गाडी मागे घेताना त्यांना न घासलेला सभासद दाखवा आणि माझ्याकडून एक चहा घ्या. या भिंती पार्किंगपुरत्या नाहीत. पायापासून निघून त्या थेट गच्चीपर्यंत गेल्या आहेत. बेडरूममधल्या ज्या भिंतीत खिळा ठोकायला गेले की खिळा वाकतो आणि सुतार ड्रिल मशीन मागतो, तीच ती भिंत. तिला शिअर वॉल म्हणतात. ती विटांची नाही, सबंध सळई-काँक्रीटची आहे.

यंदाच्या सर्वसाधारण सभेपुढे ए विंगमधल्या दोन भिंती पार्किंगपुरत्या काढून तिथे दोनमजली यांत्रिक पार्किंग बसवावे असा प्रस्ताव येतो आहे. मांडणाऱ्यांची अडचण खोटी नाही. अठ्ठावीस फ्लॅट आहेत आणि गाड्या चाळीसच्या वर गेल्या आहेत. पण मत देण्यापूर्वी या भिंती का आल्या एवढे नव्या पिढीला माहीत असावे, म्हणून हा लेखप्रपंच.

कोयना आणि किल्लारी

भूकंपाशी माझी पहिली ओळख ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाली. मी सोळा वर्षांचा होतो, कराडला मामांकडे शिकायला होतो. चार वाजून गेले असतील. फडताळातली पितळी भांडी एकदम खणखणत खाली आली. मामी "मांजर, मांजर" म्हणून ओरडली. मग घरच हलायला लागल्यावर सगळे अंगणात पळालो. सकाळी कळले की कोयनानगर उद्ध्वस्त झाले आहे. सुमारे दोनशे माणसे गेली. कोयनेच्या धरणालाही तडे गेले, पुढे ते मजबूत करावे लागले. दख्खनचे पठार म्हणजे जुना, पक्का खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तोवर तज्ज्ञांचीसुद्धा समजूत होती. ती त्या पहाटे गेली. आम्हा पोरांना मात्र आठ दिवस शाळा नव्हती, एवढेच लक्षात राहिले.

दुसरी ओळख जास्त जवळची. १९९३ साली मी उमरग्याच्या शाखेत अकाउंटंट होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले आणि ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही भाड्याच्या घरातून बाहेर आलो आणि वाचलो. सास्तूर, किल्लारी आणि भोवतालच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दर वर्षी कुठे ना कुठे होत असतात, पण त्यात एवढी माणसे सहसा मरत नाहीत. आपल्याकडे एवढी का गेली?

त्याचे उत्तर मी डोळ्यांनी पाहिले. बँकेने त्या गावांतून तात्पुरते काउंटर उघडले होते. पासबुके ढिगाऱ्याखाली गेलेली. माणसे अंगठा देऊन पैसे काढायची, आणि लेजरमध्ये ज्याचे खाते त्याचा अंगठा द्यायला कितीदा दुसराच कोणी यायचा. एक म्हातारे शेतकरी मला त्यांच्या घराच्या जागी घेऊन गेले. म्हणाले, "सायब, ही भिंत माज्या आज्यानं बांधली. दोन हात रुंद. चोराच्या बापाला फुटली नसती." ती भिंत घरातल्या चौघांवर पडली होती.

भिंत रुंद होती, पण ती दोन पदरी होती. बाहेरून एक दगडी थर, आतून एक दगडी थर आणि मध्ये दगडगोट्यांची नि मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नाही, चुना-सिमेंट नाही. डोक्यावर माळवद, म्हणजे लाकडी फळ्यांवर वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून केलेली ही रचना. हादरा बसला तेव्हा भिंतीचे दोन पदर दोन दिशांना सुटले आणि मातीचे ओझे खाली आले. मला चांगले आठवते, कित्येक घरांत खणाचे लाकडी खांब तसेच उभे होते आणि भोवतालच्या भिंती तेवढ्या जमीनदोस्त झाल्या होत्या. दगडाला कोणी वाईट म्हणू नये. आरपार दगड बसवले असते आणि दारे-खिडक्यांच्या वरून घराला चारी बाजूंनी एक सलग पट्टा बांधला असता, तर तीच घरे बऱ्याच प्रमाणात तगली असती. पण सांगणार कोण? त्या वेळच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या झोनमध्ये होता. २००२ साली नकाशा बदलला. पहिला झोन रद्दच झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला.

हे सगळे पाहूनही मी शिकलो काय? काही नाही. मनाशी म्हटले, ती दगडमातीची घरे. आपण शहरात सिमेंट-काँक्रीटचे बांधू, आपल्याला काय होते!

प्रजासत्ताक दिनाची सकाळ

पुण्याला बदली झाल्यावर आम्ही काही सहकारी आणि त्यांचे मित्र असे अठ्ठावीस जण एकत्र आलो. जागा घेतली, बिल्डर नको म्हणून स्वतःच बांधायचे ठरवले. आर्किटेक्ट म्हणून एका बाई नेमल्या. त्या आपल्या जुन्या सभासदांना चांगल्या आठवत असतील. सुती साडी, खांद्यावर नकाशांची लांब नळी, आणि साइटवर शिडी चढताना कोणाचा हात न धरणाऱ्या. पहिला नकाशा डिसेंबर २००० मध्ये तयार झाला. एल आकाराची एकच इमारत, खाली सगळे मोकळे पार्किंग, वर पाच मजले. अठ्ठावीस फ्लॅट, अठ्ठावीस गाड्यांची जागा. सगळे खूश.

मग २६ जानेवारी २००१ उजाडला. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छला भूकंप झाला. मोजणी ७.७. अधिकृत आकड्यांप्रमाणे तेरा हजारांहून अधिक माणसे दगावली. भुज, भचाऊ, अंजार या गावांची चित्रे टीव्हीवर दिसत होतीच. पण आम्हा फ्लॅटवाल्यांच्या पोटात गोळा आणला तो अहमदाबादने. भूकंपाच्या केंद्रापासून अहमदाबाद दोनशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे सातशेहून अधिक माणसे मेली. तीही बहुतेक काँक्रीटच्या फ्लॅटमध्ये. चार मजली, दहा मजली इमारती पत्त्यासारख्या खाली बसल्या होत्या. काही फोटोंत वरचे मजले जवळजवळ धड होते आणि तळमजला नाहीसा झाला होता. त्याच्याखाली स्कूटर-गाड्यांचा चुरा.

बाईंनी आठवडाभरात नवीन नकाशा काढला. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी शाळेच्या एका वर्गात सभासदांची बैठक बोलावली. एल आकार मोडून त्यांनी दोन स्वतंत्र आयताकृती विंग केल्या होत्या आणि मध्ये एक फट ठेवली होती. हीच ती ए आणि बी मधली फट, जिच्यात पोरांचे शेकडो चेंडू गेले आहेत आणि जिच्यावरचा पत्रा दर पावसाळ्यात गळतो म्हणून मेंटेनन्सच्या सभेत आजही भांडणे होतात. जिना आणि लिफ्ट एका टोकाला होते ते मध्यावर आले. बाहेर झुलणाऱ्या बाल्कनीवर टेकवलेले दोन कॉलम होते ते काढून सगळे कॉलम जमिनीपर्यंत आणले. आणि पार्किंगमध्ये या भिंती आल्या. पार्किंगच्या अठ्ठावीस जागांच्या तेवीस झाल्या, आणि प्रत्येक सभासदावर अठरा हजार रुपये जादा बसले.

वर्गात गदारोळ झाला. सगळ्यात मोठा आवाज खजिनदाराचा, म्हणजे माझा. मी म्हणालो, "मॅडम, भूकंप कच्छला झालाय, पुण्याला नाही. आणि भूकंपाचं बघायला इंजिनिअर आहेत की. तुम्ही नकाशा पास करून आणा आणि इमारत दिसायला चांगली करा. सळई किती घालायची ते स्ट्रक्चरल इंजिनिअर बघतील. दोन टन जास्त घाला हवं तर!"

बाई शांतपणे म्हणाल्या, "अहमदाबाद आणि पुणे भूकंपाच्या नकाशावर एकाच झोनमध्ये आहेत, तिसऱ्या. आणि इंजिनिअर सळई घालतात ती मी दिलेल्या आकारात. आकारच चुकला तर ते तरी काय करणार?" मग जरा थांबून विचारले, "तुम्ही बँकेत ना? मग दोन बँकांची गोष्ट सांगते."

दोन बँका

त्यांनी झेरॉक्स आणले होते. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची राजधानी मानाग्वा. तिथे जवळजवळ समोरासमोर दोन उंच इमारती होत्या. एक त्या देशाची मध्यवर्ती बँक, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक म्हणा, पंधरा मजली. दुसरी बँको दे अमेरिका, अठरा मजली. दोन्ही साठच्या दशकातल्या. २३ डिसेंबर १९७२ रोजी मध्यरात्रीनंतर तिथे भूकंप झाला आणि शहराचा मधला भाग धुळीला मिळाला. हजारो माणसे मेली.

मध्यवर्ती बँकेत लिफ्ट, जिने आणि भरीव भिंती सगळे एका टोकाला होते. बाकीची इमारत मोकळी. शिवाय वरच्या मजल्यांचे जवळजवळ उभे केलेले कॉलम खालपर्यंत न येता एका मोठ्या तुळईवर थांबत होते आणि त्याखाली मोजकेच कॉलम होते. एखादी फळी एका टोकाला खिळ्याने ठोकून दुसरीकडून ढकलली तर ती सरळ सरकत नाही, खिळ्याभोवती फिरते. तसा त्या इमारतीला पीळ बसला आणि तिचे जबर नुकसान झाले.

समोरच्या बँकेत लिफ्ट-जिन्यांचा गाभा बरोबर मध्यावर होता. काँक्रीटच्या भिंतींच्या चार पेट्या, एकमेकींना तुळयांनी जोडलेल्या. टी. वाय. लिन या अभियंत्याने योजना अशी केली होती की हादरा फारच मोठा असेल तर आधी त्या जोडतुळया फुटाव्यात, त्यांनी धक्का पोटात घ्यावा आणि चारही पेट्या आपापल्या उभ्या राहाव्यात. झाले तसेच. तुळयांना तडे गेले, इमारत उभी राहिली. शहर एक, रात्र एक, हादरा एक. जास्त उंच इमारत वाचली आणि कमी उंचीची जायबंदी झाली. फरक होता मांडणीचा.

"आता सांगा," बाई म्हणाल्या, "लिफ्ट कुठे ठेवायची हे कोण ठरवतं? इंजिनिअर की आर्किटेक्ट?"

वर्गात कोणी बोलेना. मग त्यांनी मोकळ्या पार्किंगचे सांगितले. वरच्या मजल्यांवर खोल्याखोल्यांच्या विटांच्या भिंती असतात, त्यामुळे वरचा भाग खोक्यासारखा ताठ होतो. खाली नुसते कॉलम. जमीन हलली की वरचा भाग अख्खाच्या अख्खा डोलतो आणि वाकण्याचा सगळा भार तळमजल्याच्या कॉलमवर येतो. आमच्यातले एक सभासद मुंबईत लालबागला वाढलेले. ते पटकन म्हणाले, "म्हणजे दहीहंडीत खालच्या थराला पोरंटोरं आणि वरती पैलवान!" बाई हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच. या भिंती म्हणजे खालच्या थरातले पैलवान."

मतदान झाले. सतरा विरुद्ध अकरा. भिंती आल्या. अकरांत मी होतो.

त्यानंतर मी जे केले ते आज पंचवीस वर्षांनी लिहून टाकतो. मनातला राग काढायला मी बाईंच्या फीचा तिसरा हप्ता दोन महिने अडवला. "बिलात तपशील अपुरा आहे" असे पत्र पाठवले. बिल व्यवस्थित होते. बाईंनी एका ओळीनेही तक्रार केली नाही, साइटवर रोज येत राहिल्या. एकदा तर कॉलमच्या रिंगा त्यांनी स्वतः हाताने चाचपून पाहिल्या आणि दोन कॉलमच्या रिंगा पुन्हा बांधायला लावल्या. रिंगेची टोके नुसती काटकोनात वाकवली होती. ती १३५ अंशांत, आत काँक्रीटमध्ये शिरतील अशी वाकवायची असतात, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. हा नियम भारतीय मानकात १९९३ पासून होता. किती बांधकामांवर तो पाळला जायचा, हे बांधकाम व्यवसायातल्यांनीच सांगावे. खरे तर हे पाहणे इंजिनिअरचे काम. पण बाईंचे म्हणणे, नकाशा माझा आहे, मग इमारतही माझीच.

पार्किंगच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. ज्या पाच जणांना जागा मिळाली नाही त्यांत माझेही नाव निघाले. देव सगळे बघत असतो, दुसरे काय! तेव्हापासून आधी माझी मारुती ८०० आणि आता लेकाची गाडी गुलमोहराखाली उभी असते, आणि कावळे तिचा रोज समाचार घेतात.

टोकियोची तिसरी बँक

२०११ साली निवृत्त झालो. वाचायला वेळ मिळाला. त्या दोन बँकांची गोष्ट डोक्यात राहिली होती, म्हणून आणखी शोधत गेलो. तेव्हा तिसरी बँक सापडली, आणि ती सगळ्यांत जुनी निघाली.

१ सप्टेंबर १९२३ रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला दोन मिनिटे कमी असताना टोकियो-योकोहामा परिसरात महाभयंकर भूकंप झाला. जेवणाच्या वेळी घरोघर चुली पेटलेल्या होत्या, आगी लागल्या. एक लाखाहून अधिक माणसे गेली, बरीचशी आगीने. फ्रँक लॉइड राइट या जगप्रसिद्ध अमेरिकन आर्किटेक्टने बांधलेले इम्पीरियल हॉटेल नेमके त्याच दिवशी सुरू होत होते. ते उभे राहिले आणि जगभर त्याचे नाव झाले. पण जाणकारांचे लक्ष एका दुसऱ्या इमारतीकडे गेले. जपानच्या इंडस्ट्रियल बँकेची इमारत त्याच वर्षी पूर्ण झाली होती आणि तिला फारशी इजा झाली नव्हती. आर्किटेक्ट सेत्सु वातानाबे आणि रचनाकार ताचू नाइतो, या दोघांनी मिळून ती केली होती. तिच्यात नाइतोंनी जागोजागी काँक्रीटच्या भरीव भिंती घातल्या होत्या. आपल्या पार्किंगमधल्या भिंतींच्या त्या पणज्या म्हणायच्या.

ही कल्पना त्यांना प्रवासातल्या ट्रंकेवरून सुचली असे सांगतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात नाइतो अमेरिकेला गेले होते. सामान जास्त झाले म्हणून त्यांनी ट्रंकेतले कप्प्यांचे पडदे काढून टाकले, आणि हिंदकळत जाताना ती ट्रंक मोडली. पडदे नुसते सामान वेगळे ठेवायला नव्हते, ट्रंकेला ताठ ठेवायलाही होते. याच नाइतोंनी पुढे १९५८ साली पूर्ण झालेल्या टोकियो टॉवरची रचना केली. आणि १९२४ मध्ये जपानने कायदाच केला की इमारतीच्या वजनाच्या एक दशांश एवढा आडवा रेटा सहन होईल असेच बांधकाम करायचे.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन त्या भिंतींकडे नुसता बघत उभा राहिलो. वॉचमनला वाटले काकांची किल्ली हरवली. ट्रंकेतले पडदे जागा खातात म्हणून काढून टाकायला निघालेला माणूस मीच होतो की!

आणखी एक कळले. आकार आणि भूकंप यांचा संबंध सांगणारे पुस्तक ख्रिस्तोफर अर्नोल्ड या आर्किटेक्टने रॉबर्ट राइथरमन यांच्यासोबत १९८२ सालीच लिहिले होते. आपल्याकडे कच्छनंतर जाग आली. २००२ च्या सुधारित भारतीय मानकात मोकळ्या तळमजल्याचा धोका स्पष्ट लिहिला गेला. तळमजला तसा ठेवायचाच असेल तर त्याचे कॉलम-बीम नेहमीच्या हिशेबाच्या अडीचपट बळासाठी करा, नाहीतर भिंती घाला, असा तो नियम. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक सी. व्ही. आर. मूर्ती यांनी सोप्या भाषेत, चित्रे काढून भूकंपाचे छोटे छोटे पाठ लिहिले. त्यातला एक पाठ तर वास्तुरचनेचा भूकंपात काय परिणाम होतो यावरच आहे. म्हणजे आमच्या बाई आमच्याशी फेब्रुवारी २००१ मध्ये ज्यासाठी भांडल्या, ते मानकात पुढच्या वर्षी आले. त्या नियमाची वाट बघत बसल्या असत्या तर आपली इमारत त्याआधीच, मोकळ्या पायांवर, उभी राहिली असती.

कापड बेततानाच चुकले तर शिलाई कितीही पक्की घाला, सदरा अंगात बसत नाही. इमारतीचे तसेच आहे. इंजिनिअरचे गणित हवेच, चांगले सिमेंट हवे, देखरेख हवी. पण आकार कसा, वजन कुठे, जिना-लिफ्ट कुठे, कॉलम जमिनीपर्यंत येतो की मध्येच लटकतो, शेजारच्या इमारतीपासून किती अंतर, हे सगळे पहिल्या कागदावर ठरते. तो कागद आर्किटेक्टच्या टेबलावर असतो. आणि खरे सांगायचे तर आर्किटेक्टच्या पाठीमागे उभे राहून "एक पार्किंग वाढवा, एक बाल्कनी वाढवा" म्हणणारे आपण असतो. अहमदाबादच्या इमारतींचा सगळा दोष बांधणाऱ्यांवर टाकून आपण मोकळे होतो. पण तिथेही मोकळे पार्किंग हवे असणारे घरमालक होतेच, माझ्यासारखे.

आता सभेपुढचा विषय

लेखाचा इतिहासाचा भाग इथे संपला. आता थोडे हक्काने बोलतो.

भिंती फक्त पार्किंगपुरत्या काढायच्या, वरच्या तशाच ठेवायच्या, असे प्रस्तावात आहे. म्हणजे पाच मजल्यांच्या भिंती अधांतरी ठेवून नेमका खालचाच थर काढायचा. मानाग्वाच्या मध्यवर्ती बँकेत वरचे कॉलम खालपर्यंत येत नव्हते, ते आठवा. आपण पंचवीस वर्षांनी, पैसे मोजून, त्या इमारतीच्या वाटेने जायला निघालो आहोत. शिवाय एकाच विंगमधल्या, एकाच बाजूच्या दोन भिंती गेल्या तर पीळ बसणार तो वेगळाच.

गेल्या काही वर्षांत एका फ्लॅटमध्ये पाइप लपवायला कॉलमला खाच पाडली गेली. एकाने गच्चीवर जादा पाण्याची टाकी चढवली, तीही एका कोपऱ्यात. नावे घेत नाही, शेजारधर्म आहे. पण इमारत आपल्या एकट्याची नसते. पाचव्या मजल्यावर कॉलम खरवडला तर त्याची चिंता पहिल्या मजल्यावरच्या बाळालाही असायला हवी.

माझ्या सूचना तीन आहेत. एक, आपल्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवे. ते आपण एकदाच केले आहे. आधी ते करू. दोन, भिंतींना हात लावण्याचा विषय ऑडिटचा अहवाल येईपर्यंत तहकूब ठेवावा. आणि यांत्रिक पार्किंग हवेच असेल तर मागच्या मोकळ्या जागेत, गुलमोहराच्या पलीकडे बसते का ते आर्किटेक्टकडून तपासून घ्यावे. तीन, मूळ नकाशे आणि सळईची ड्रॉइंग माझ्या कपाटात पंचवीस वर्षे आहेत, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळून. ती आता सोसायटीच्या ऑफिसात, नव्या कमिटीच्या ताब्यात घ्यावीत. मी पंचाहत्तरीत आहे.

बँकेत आम्ही शिकलो की नफा दिसतो, पण बँक वाचते ती राखीव निधीवर, जो कधी दिसत नाही. आपण दर महिन्याला सिंकिंग फंड भरतो. या आठ भिंती म्हणजे आपल्या सोसायटीचा सगळ्यात जुना सिंकिंग फंड. तो मोडायची वेळ कधी येऊ नये, पण मोडून पार्किंग करायचे तर मुळीच नको.

शेवटी एक. रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमाला बाईंना बोलवावे, असे मी कमिटीला पत्र दिले आहे. त्यांनी यायचे कबूल केले आहे. शाल-श्रीफळ कमिटी देईल. मला मात्र त्यांना २००१ सालच्या त्या पत्राबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत, जे मी पंचवीस वर्षे पुढे ढकलले. आणि ते बोलून झाल्यावर त्यांना खाली पार्किंगमध्ये नेऊन भिंती दाखवायच्या आहेत. घासल्या आहेत, रंग उडाला आहे, एकीवर पोरांनी स्टंप काढले आहेत. पण उभ्या आहेत.

माझी गाडी गुलमोहराखालीच राहू दे.